खानदेशी भरीत आणि भरिताचे वांगे

पोटापाण्याच्या उद्योगासाठी माणूस गाव सोडून दूरच्या शहरी गेला, तरी लहानपणी आईच्या हातची जी चव जिभेस लागलेली असते ती सहसा सुटत नाही. कोल्हापूरकडील माणूस तांबड्या रश्श्याची आठवण काढतो, कोकणातील माणूस कुळथाच्या पिठीची, तर सोलापूरकडील माणूस कडक भाकरीची व शेंगांच्या चटणीची. खानदेशातील माणसास विचारले, तर तो बहुधा हिरव्या वांग्याच्या भरिताचे नाव घेईल व त्याच्या जोडीस कळण्याची भाकरी हवी, असेही लगेच सांगेल.

हे भरीत तयार होते ते चुलीपाशी किंवा शेताच्या बांधावर; परंतु त्याची खरी घडण त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे रोपवाटिकेत बी टाकले जाते तेव्हापासून सुरू झालेली असते. वांगे विशिष्ट वाणाचे नसेल, तर मसाला कितीही चांगला असला तरी ती चव येत नाही. म्हणून या पदार्थाचा विचार गृहिणीप्रमाणेच शेतकऱ्यानेही करणे अगत्याचे आहे. भरिताच्या वांग्याचे शुद्ध बियाणे आज घरोघरी कितपत उरले आहे आणि ते टिकविण्यासाठी काय करता येईल, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

मुलूख आणि हंगाम

जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून जो प्रदेश होतो त्यास आपण खानदेश म्हणतो. तापी नदी आणि तिला मिळणाऱ्या गिरणा, वाघूर, पांझरा इत्यादी नद्यांनी या प्रदेशाची जमीन घडविली आहे. तापीकाठची काळी, कसदार व खोल जमीन कापूस, केळी, ज्वारी, तूर, उडीद आणि भुईमूग या पिकांसाठी प्रसिद्ध आहे. भरिताच्या ताटात जे जे येते ते बहुतेक सर्व याच जमिनीत पिकते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वांगी, मिरची, लसूण, कांद्याची पात आणि कोथिंबीर मळ्यातली. शेंगदाणे व तेल भुईमुगाचे. भाकरीचे धान्य ज्वारी आणि उडीद. आणि वांगी भाजण्यासाठी लागणारे सरपण म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्या. यांपैकी खोबरे तेवढे बाहेरगावाहून येते.

जळगाव जिल्ह्यात जळगाव तालुक्यातील आसोदे व भादली आणि यावल तालुक्यातील बामणोद ही गावे भरिताच्या वांग्यांसाठी विशेष नावाजलेली आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीस रोपे टाकून लावलेल्या वांग्यांची तोडणी दसरा-दिवाळीच्या सुमारास चांगली सुरू होते व थंडी वाढू लागली की फळास खरी गोडी येते. मार्गशीर्ष व पौष हे भरिताचे महिने होत.

आपल्या सणांची मांडणीही या हंगामाशी मिळतीजुळती आहे. चातुर्मासात वांगे व कांदा वर्ज्य करण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग वांगे खाण्यास सुरुवात होते. पावसाळी दिवसांत वांग्यावर शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव अधिक असतो, फळे पाणचट लागतात आणि कुजतातही लवकर. थंडीच्या दिवसांत मात्र पीक निरोगी व फळ घट्ट असते. धार्मिक आचारामागील हेतू काहीही असो. वांग्याची उत्तम चव ज्या काळात मिळते त्याच काळात ते ताटात यावे, ही व्यवस्था शेतीच्या दृष्टीनेही सोयीची आहे.

वांगे कसे असते?

आपल्या राज्यात वांग्याचे अनेक प्रकार आहेत व प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. पुण्याकडील मांजरी गोटा हे गोल, जांभळट व पांढऱ्या रेघांचे वांगे मसाला भरून करण्यास उत्तम. सांगली भागातील कृष्णाकाठची वांगी तर सर्वत्र प्रसिद्धच आहेत. भरिताचे खानदेशी वांगे या सर्वांहून निराळे दिसते. ते आकाराने मोठे, लांबट-गोल, फिकट हिरव्या रंगाचे असून त्यावर पांढरट रेघा असतात. एकेक फळ पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंत सहज भरते. त्याची साल पातळ असते, गर मऊ व भरपूर असतो आणि बिया थोड्या असतात.

या प्रत्येक गुणाचा भरिताशी थेट संबंध आहे. साल पातळ असल्यामुळे आच लवकर आत पोचते व भाजल्यावर साल सहज सुटून येते. गर भरपूर असल्यामुळे भरीत दाट होते. बिया कमी असल्यामुळे ते दातांखाली कचकचत नाही व कडवटही लागत नाही. फळ जून होऊ लागले म्हणजे बिया टणक होतात व कडसरपणा वाढतो. म्हणून भरितासाठी फळ पूर्ण वाढलेले, परंतु कोवळे असतानाच तोडावे लागते. सालीवरची चमक कमी होऊ लागली की फळ भरिताच्या कामाचे राहिले नाही, असे समजावे. अंगठ्याने दाबून पाहिल्यास फळ किंचित दबून पुन्हा वर यावे, ही परीक्षा अनुभवी शेतकरी करतात.

जांभळ्या वांग्याच्या सालीतील रंग फळ भाजल्यावर थोडाफार गरास लागतो व भरीत काळपट दिसते. हिरव्या वांग्याचे भरीत फिकट, हिरवट-पांढरे राहते. खानदेशी घरात भरिताचा हा रंग फार महत्त्वाचा मानतात. म्हणून त्यात हळद किंवा लाल तिखट घालीत नाहीत आणि टोमॅटोही घालीत नाहीत.

भाजण्याची रीत

वांगी धुऊन, पुसून, त्यांस तेलाचा हात लावतात व काडीने एकदोन ठिकाणी टोचतात. टोचण्याचे कारण असे की, वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. आच लागताच त्या पाण्याची वाफ होते व तिला वाट मिळाली नाही तर फळ फुटते. मोकळ्या जागेत पऱ्हाट्या किंवा तुराट्या पसरून त्यांवर वांगी मांडतात, वरून आणखी काड्या घालतात आणि पेटवितात. या काड्यांचा जाळ भडक परंतु थोडा वेळ टिकणारा असतो. एका लांब काठीने वांगी फिरवीत राहावे लागते. साल काळी होऊन सुटू लागली, देठाजवळचा भाग मऊ झाला आणि फळ आपल्याच भाराने खाली बसू लागले म्हणजे ते भाजले गेले.

जाळ भडक असल्यामुळे साल जळते. पण सालीच्या आत गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो आणि थोडासा धूरही त्यात मुरतो. ज्या धुरकट वासाने खानदेशी माणूस ओढला जातो तो असा निर्माण होतो. कापलेले वांगे हवेत राहिले म्हणजे काळे पडते, हे सर्वांस ठाऊक आहे. गरातील विकराची हवेतील प्राणवायूच्या संयोगाने जी क्रिया होते, तिचा तो परिणाम असतो. सबंध फळ तीव्र आचेवर भाजले असता हे विकर निकामी होतात व गर पांढरा राहतो. मंद आचेवर रेंगाळत भाजलेल्या वांग्याचा गर काळवंडतो, त्याचे हेच कारण आहे. शहरात वायूच्या शेगडीवर एकेक वांगे भाजून भरीत करता येते. ते वाईट होते असेही नाही. परंतु काड्यांच्या जाळाचा वास त्यास येत नाही.

भाजलेल्या वांग्यांची साल गरम असतानाच काढतात. देठ हातात धरण्यासाठी ठेवतात व गर सोलून झाल्यावर काढून टाकतात. नंतर हा गर बडगी नावाच्या लाकडी, खोलगट भांड्यात घेऊन लाकडी दांड्याने ठेचतात. यंत्रात वाटला तर त्याची खळ होते व तंतू नाहीसे होतात. हिरव्या मिरच्या तेलात परतून किंवा काड्यांवरच भाजून लसणाबरोबर ठेचून गरात मिसळतात. कढईत तेल घेऊन जिरे, शेंगदाणे व खोबऱ्याचे बारीक काप तळतात, त्यात पातीचा कांदा परततात आणि ठेचलेला गर व मीठ घालून थोडा वेळ हलवितात. वरून कोथिंबीर. मिरचीचे प्रमाण घराघरांत वेगळे असते. काही घरांत फोडणी न देता वरून कच्चे तेल घालण्याची रीत आहे; त्या भरितास वांग्याची चव अधिक येते.

कळण्याची भाकरी

भरिताबरोबर पुऱ्या करण्याची पद्धत मोठ्या जेवणावळींत आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरी त्याची जोड कळण्याच्या भाकरीशीच असते. कळणा म्हणजे ज्वारी व साल न काढलेले काळे उडीद एकत्र दळून केलेले पीठ. दळतानाच त्यात मीठ घालतात. दोन किंवा तीन भाग ज्वारीस एक भाग उडीद असे साधारण प्रमाण असते. उडदामुळे पिठास चिकटपणा येतो, भाकरी सहज थापता येते व तिला किंचित काळसर रंग आणि खमंग चव येते.

आहाराच्या दृष्टीने ही जोड फार उत्तम आहे. ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने असतात. परंतु शरीरास आवश्यक असलेले लायसिन हे घटकद्रव्य त्यात कमी असते. उडदात सुमारे चोवीस टक्के प्रथिने असून लायसिन भरपूर असते. मात्र मिथिओनिन या द्रव्याची त्यात उणीव असते, जी ज्वारीने बऱ्याच अंशी भरून निघते. अशा रीतीने एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली जाते. त्यात शेंगदाण्याची प्रथिने व तेल, मिरची-कोथिंबिरीतील जीवनसत्त्वे आणि वांग्यातील तंतू यांची भर पडते. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसास हे जेवण पुरेसे व पचण्यासही बरे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या निमित्ताने ज्वारीच्या आहारातील महत्त्वाविषयी पुष्कळ सांगितले गेले. कळण्याची भाकरी करणाऱ्या खानदेशी आयाबहिणींनी ती गोष्ट त्यापूर्वीच आपल्या जात्यावर साधली होती.

गावाबाहेरचे खानदेशी

खानदेशातील पुष्कळ कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबई, पुणे, नाशिक व सुरत या शहरांत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या घरांत लेवा बोली किंवा अहिराणी थोरांच्या तोंडी ऐकू येते. मुले मात्र शाळेतील मराठी, गुजराती वा इंग्रजी बोलतात. बोली सुटते, शेताशी संबंध सुटतो. पण हिवाळा आला म्हणजे भरिताचा बेत ठरतोच. गावाकडून येणाऱ्या बसमधून किंवा आगगाडीने वांग्यांची पोती मागविली जातात, कोठेतरी मोकळी जागा शोधली जाते आणि एकाच गावची किंवा एकाच समाजाची माणसे एकत्र जमतात. वांगी भाजण्याचे काम पुरुष व मुलेही करतात. ज्या मुलाने कपाशीचे शेत पाहिलेले नाही त्याच्या हाती त्या दिवशी पऱ्हाटी येते, आणि आपले आजोबा कोठल्या गावचे हा प्रश्न तो तेथे विचारतो.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली आसोदे येथे झाला. शेत, जाते, चूल आणि सासर-माहेर यांविषयी त्यांनी आपल्या घरच्या बोलीत रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि खानदेशची बोली सर्व महाराष्ट्राच्या कानी पडली. ज्या आसोद्याने ही वाणी दिली, तेच गाव भरिताच्या वांग्यासाठीही ओळखले जावे, हा योगायोग सुखद आहे. बोलीप्रमाणेच चवही मुलखाची ओळख सांगते. बोली बोलणारे उरले तरच ती टिकते, तसेच वाण पेरणारे उरले तरच चव टिकते.

येथे शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न येतो. शहरातील खानदेशी ग्राहक या वांग्यास साध्या वांग्यापेक्षा चांगला भाव देण्यास तयार असतो; परंतु तो पारखी असतो. गेल्या काही वर्षांत बाजारात भरिताचे म्हणून जे वांगे येते त्यात कधी साल जाड असते, कधी बिया फार असतात, कधी हिरव्या रंगावर जांभळी झाक दिसते. असा माल एकदा घेतलेला ग्राहक दुसऱ्यांदा विचारपूर्वक घेतो. नाव तेच राहिले आणि वस्तू बदलली, तर भाव फार काळ टिकत नाही.

वाण का बिघडते?

वांग्याच्या फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असल्यामुळे बहुतांशी स्वपरागीकरण होते. तथापि काही फुलांत स्त्रीकेसराचा दांडा पुंकेसरांच्या बाहेर डोकावणारा असतो व अशाच फुलांत फळ चांगले धरते. या फुलांवर मधमाश्या व भुंगे शेजारच्या पिकाचे परागकण आणतात. म्हणून वांगे हे काही प्रमाणात परपरागीकरण होणारे पीक समजले जाते. शेजारी जांभळे संकरित वांगे लावलेले असले, तर भरिताच्या वांग्याच्या त्या वर्षीच्या फळात फरक दिसत नाही. परंतु त्या फळातील बी पुढील वर्षी पेरले म्हणजे निरनिराळ्या रंगांची व आकारांची झाडे निघतात. नुकसान एक वर्ष उशिरा दिसते. त्यामुळे त्याचे खरे कारण शेतकऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही, आणि बी जुने झाले किंवा जमीन बिघडली असा समज होतो.

दुसरे कारण बियाणे राखण्याच्या सवयीचे आहे. पूर्वी बियाण्याचे फळ निवडण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करीत. पीक जोमात असताना त्या शेतात फिरून उत्तम झाड हेरीत व त्यावरील चांगल्या फळास चिंधी बांधून ठेवीत; ते फळ कोणी तोडावयाचे नाही, असा नियम असे. आता रोपे तयार मिळतात, वेळ वाचतो. पण कोणत्या फळाचे बी त्या रोपास वापरले गेले हे विकत घेणाऱ्यास कळत नाही. काही शेतकरी बाजारातून परत आलेल्या, जून झालेल्या फळांचेच बी धरतात. चांगली फळे बाजारात गेली व राहिलेल्यांचे बी धरले, म्हणजे वाण दर वर्षी थोडे थोडे उतरत जाणार, हे उघड आहे.

घरचे बियाणे राखण्याची पद्धत

पुढील गोष्टी कोणत्याही शेतकरी कुटुंबास खर्चाशिवाय करता येण्यासारख्या आहेत.

१. बियाण्यासाठी ठेवावयाची झाडे इतर वांग्यांपासून दूर असावीत. प्रमाणित बियाण्यासाठी हे अंतर निदान १०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी २०० मीटर ठेवण्याचा दंडक आहे. गावातील चारदोन शेतकऱ्यांनी एकविचाराने एका बाजूस भरिताचेच वांगे लावले, तर हे सहज साधते.

२. अंतर ठेवणे शक्य नसेल, तर निवडलेल्या झाडावरील उद्या उमलणाऱ्या कळ्यांवर विरळ कापडाची लहान पिशवी चढवून बांधावी. फळ धरल्यावर पिशवी काढावी व देठास रंगीत दोरा बांधावा. वांग्यात आपल्याच परागाने फळ धरते, त्यामुळे ही युक्ती उपयोगी पडते.

३. निवड फळ पाहून न करता झाड पाहून करावी. झाड निरोगी, भरपूर फळे देणारे आणि सर्व फळे एकसारखी असणारे हवे. पर्णगुच्छ रोग झालेले किंवा मर लागलेले झाड उपटून टाकावे. जांभळी झाक असलेले, जाड सालीचे किंवा वेगळ्या आकाराचे फळ देणारे झाड फुलावर असतानाच काढता आले तर उत्तम.

४. एकाच झाडाचे बी धरू नये. पंचवीस-तीस उत्तम झाडांवरील एकेक दोन-दोन फळांचे बी एकत्र करावे. त्यामुळे वाणाचा जोम कायम राहतो.

५. बियाण्याचे फळ झाडावरच पिवळे-तपकिरी होईपर्यंत ठेवावे. नंतर ते कापून गर पाण्यात कुस्करावा. भरीव बी तळाशी बसते. पोचट बी व गर वर तरंगतो, तो ओतून टाकावा. बी दोनतीन वेळा धुऊन प्रथम सावलीत व नंतर कोवळ्या उन्हात पूर्ण वाळवावे आणि हवाबंद डब्यात कोरड्या जागी ठेवावे. डब्यावर वाणाचे नाव व वर्ष लिहून ठेवण्यास विसरू नये.

६. त्याच फळांपैकी दोनचार कोवळी फळे त्या झाडावरून आधी तोडून घरी भाजून पाहावीत. साल कशी सुटते, बी किती आहे व चव कशी आहे, ही परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती घरातील स्त्रियांनी करावी हे उत्तम.

एक हेक्टर लागवडीस सुधारित वाणाचे साधारण ४०० ते ५०० ग्रॅम बी लागते. म्हणजे अर्धा एकर वांगी लावणाऱ्या कुटुंबास शंभर ग्रॅम बी पुरते. एवढे बी घरी तयार करणे मुळीच अवघड नाही.

कीड आणि सरपण यांविषयी दोन शब्द

शेंडे व फळे पोखरणारी अळी ही वांग्याची मुख्य शत्रू आहे. सुकलेले, मान टाकलेले शेंडे दर आठवड्यास अळीसह कापून नष्ट करणे, किडकी फळे शेतात वा बांधावर न टाकता खोल पुरणे, त्याच शेतात वर्षानुवर्षे वांगे न घेणे आणि कामगंध सापळे लावणे हे उपाय सामुदायिक रीत्या केल्यास फवारणी पुष्कळच कमी करता येते. फवारणी करणे भागच पडले, तर शिफारस केलेलेच औषध वापरावे व त्यानंतर तोडणीपर्यंत जितके दिवस थांबण्यास सांगितले असेल तितके थांबावे. भरिताची साल काढून टाकतात म्हणून औषध निघून जाते, असे समजू नये. आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसातून पसरतात व त्यांचा अंश गरातही उतरू शकतो.

पऱ्हाट्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कपाशीचे फार मोठे नुकसान केले. ही अळी किडक्या, न उमललेल्या बोंडांत दडून राहते व पऱ्हाट्यांच्या गंजीतून पुढील हंगामात बाहेर पडते. म्हणून फरदड न घेता हंगाम संपताच कपाशी उपटावी आणि भरितासाठी पऱ्हाट्या राखावयाच्या असल्यास त्यांवरील बोंडे व नख्या आधी तोडून जाळाव्यात. शक्य असेल तेथे तुराट्या वापराव्यात.

नावाचे संरक्षण आणि बियाण्याचे संरक्षण

जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. ज्या मालाची गुणवत्ता किंवा ख्याती विशिष्ट प्रदेशामुळे आहे, त्याचे नाव इतरांनी वापरू नये म्हणून १९९९ च्या कायद्याने ही सोय केलेली आहे. या नोंदणीचा लाभ घेण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचे नाव नोंदविणे जरूर असते. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. उत्पादकांनी याविषयी आपापल्या तालुका कृषी कार्यालयात चौकशी करून मुदती पाळाव्यात.

कर्नाटकात उडुपीजवळील मट्टू गावच्या हिरव्या गोल वांग्यास, ज्यास तेथे मट्टू गुळ्ळ म्हणतात, अशीच नोंदणी २०११ साली मिळाली. उडुपीच्या कृष्णमंदिराच्या प्रसादाशी त्या वांग्याचे नाते जोडलेले आहे व तेथील शेतकरी ते आपल्या गावाचे भूषण समजतात. आपल्या वांग्याविषयी तशीच आस्था खानदेशातही आहे. तिला बियाण्याच्या कामाची जोड मात्र मिळावयास हवी.

वनस्पतीवाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१, या कायद्यान्वये शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, परस्परांस देण्याचा व विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावानिशी विकता येत नाही, एवढीच मर्यादा आहे. परंपरेने जतन केलेल्या वाणाची शेतकऱ्यांचे वाण म्हणून नोंदणीही करता येते. कायद्याने नाव राखता येते व हक्कही राखता येतो. परंतु डब्यातील बी राखण्याचे काम शेतकऱ्याच्या घरीच होऊ शकते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या हंगामात आपल्या वांग्याच्या वाफ्यातील चांगली पंचवीस झाडे हेरा. त्यांच्या एकेका फळास दोरा बांधा. गावात ज्या आजीबाईंस बियाण्याची निवड ठाऊक असेल त्यांना शेतावर न्या, त्यांच्याबरोबर घरातील मुलामुलींनाही न्या, आणि झाड कसे ओळखावे हे त्यांना पाहू द्या. शहरात राहणारे आपले आप्त हिवाळ्यात वांगी मागवितात, त्या पोत्यातून पुढील पिढीच्या ताटात खानदेश जात असतो. तो खराखुरा जावा, याची जबाबदारी वांगे पिकविणाऱ्यावर आहे आणि ती पार पाडण्यास चिंधीचा एक तुकडा व शंभर ग्रॅम बी एवढे साहित्य पुरेसे आहे.